आम्लवर्षा: धुराड्यापासून मुळांपर्यंत

मँचेस्टरच्या गिरण्या ऐन भरात होत्या, तेव्हाची गोष्ट. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने तिथले पावसाचे पाणी तपासले. शहराबाहेरच्या शेतांवर पडणाऱ्या पाण्यात अमोनियम कार्बोनेट, उपनगरात अमोनियम सल्फेट आणि शहरात शिरले की गंधकाम्ल, असा क्रम त्याने १८५२ मध्ये नोंदवला. कापडाचे रंग उडतात, धातू गंजतात ते याच पाण्याने, हेही त्याला तेव्हाच कळले होते. ‘आम्लवर्षा’ हा शब्द रूढ झाला तो त्याच्या १८७२ च्या पुस्तकातून. पण पुढे कित्येक दशके त्या पुस्तकावर धूळच साचली.

तसा स्वच्छ हवेतला पाऊसही किंचित आंबटच असतो. कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने त्याचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा pH अंक, ५.६ च्या आसपास येतो. कोळशातल्या गंधकाची आणि इंजिनांतल्या नायट्रोजन ऑक्साइडांची त्यात भर पडली की तो आणखी घसरतो. सामू एक अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे विसरून चालत नाही.

आधी दिसले ते दगडाचे नुकसान. संगमरवर आणि चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. गंधकाम्लाने त्याचे जिप्सम होते. पावसाच्या माऱ्यात ते धुऊन जाते. आडोशाला मात्र काजळी धरून काळे कवच बनते. त्या कवचाचा पोपडा सुटतो तेव्हा मूर्तीच्या नाकाचा, बोटांचा कणही सोबत जातो. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर उरलेल्या पाच कॅरिअटिड स्त्रीमूर्ती १९७९ मध्ये संग्रहालयात हलवाव्या लागल्या. आता तिथे उभ्या आहेत त्या प्रतिकृती.

शहरांनी काढलेला तोडगा म्हणजे उंच धुराडी. कॅनडात सडबरीला तर ३८१ मीटरचे धुराडे उभे राहिले. आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटण्याचाच हा प्रकार. स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी १९६७ मध्ये हा शेजारी कोण ते सांगितले: ब्रिटन आणि मध्य युरोपचा धूर स्कँडिनेव्हियाची तळी आंबवत होता. १९७९ मध्ये जिनिव्हात सीमापार हवाप्रदूषणावर करार झाला.

बर्फाची तऱ्हा निराळी. हिवाळाभर तो आम्ल साठवतो आणि वितळू लागला की त्यातले बरेचसे पहिल्या काही दिवसांच्या पाण्यातच सोडतो. नेमकी तेव्हाच ओढ्यांत माशांची कोवळी पिल्ले असतात.

चुनखडीच्या जमिनी हे आम्ल पचवतात. ग्रॅनाइटवरच्या पातळ मातीत ती ताकद नसते. तिथले कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जाते आणि खनिजांत अडकलेले ॲल्युमिनियम मोकळे होऊन बारीक मुळांना जाळते. १९८० च्या दशकात जर्मनीत सगळे जंगलच मरणार अशी हाकाटी झाली. तसे घडले नाही, शिवाय दुष्काळ आणि किडीचाही त्यात वाटा होता. पण चेक, पोलिश आणि पूर्व जर्मन सीमेवरच्या डोंगरांत स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची वने खरोखर उभ्या उभ्या वाळली.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुक जंगलात १९६३ पासून पावसाच्या पाण्यातल्या रसायनांची मोजदाद चालू आहे. स्वच्छ हवा कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्तीनंतर गंधक घटले, तरी ओढे सावरेनात, कारण मातीतले कॅल्शियम आधीच वाहून गेले होते. अखेर १९९९ मध्ये सुमारे १२ हेक्टरच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियम सिलिकेटच्या गोळ्या टाकल्या. २००३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात भोवतालच्या रानातल्या लाल स्प्रूसच्या सुया करपल्या. त्या पाणलोटातल्या बऱ्याच कमी.