आधी ईमान, मग नियम: इस्लाममधील नीतिशिक्षणाची पार्श्वभूमी

इस्लाममध्ये नीतीचे शिक्षण ईमानापासून, म्हणजे श्रद्धेपासून, सुरू होते. हा क्रम कुरआनच्या अवतरणातच दिसतो. इ.स. 610 ते 622 या मक्केतल्या काळात भर होता तो एकेश्वरत्व आणि आखिरत (मृत्यूनंतरचे जीवन) यांवर. रमजानचे रोजे, वारसाहक्क, दारूबंदी हे सगळे त्यानंतरच्या मदिनेतल्या काळातले. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांचे म्हणणे बुखारी या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाची नोंद) आहे: सुरुवातीलाच ‘दारू पिऊ नका’ असे उतरले असते, तर लोकांनी ‘कधीच सोडणार नाही’ म्हटले असते. बंदीही टप्प्याटप्प्याने आली. आधी फायद्यापेक्षा तोटा मोठा, मग नशेत नमाज नको (दिवसातून पाच नमाज म्हटल्यावर प्यायला वेळ तरी किती उरणार!), शेवटी पूर्ण मनाई.

मुलाला काय कोणत्या क्रमाने सांगावे, याचा नमुना कुरआनच्या सूरह लुकमान या अध्यायात आहे (31:13-19). आधी शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसरा कोणी मानणे) नको, मग आईवडिलांचे उपकार, मग राईचा दाणा: कृत्य तेवढेसे असले आणि खडकात दडले असले, तरी अल्लाह ते समोर आणेल. त्यानंतर नमाज आणि सब्र, म्हणजे संयम. लोकांपुढे गाल फुगवू नकोस, चालीत ताठा नको, आवाज खाली ठेव, हे अगदी शेवटी. शिष्टाचार राईच्या दाण्याआधी शिकवला, तर तो चारचौघांपुरताच उरतो.

पुढे वाद झाला तो ईमान आणि आचरणाच्या नात्यावर. महापाप करणारा धर्माबाहेर, असे खवारिज हा सुरुवातीच्या काळातला कट्टर गट म्हणे. त्याउलट मुर्जिआ या गटाने कृती ईमानातून वगळली. ईमान कृतीने वाढते आणि घटते, ही भूमिका बहुतेक हदीसवेत्त्यांनी घेतली. सवय लावण्याला अर्थ येतो तो इथेच. ईमानाच्या सत्तराहून अधिक शाखा सांगणाऱ्या हदीसमध्ये सर्वांत खालची शाखा आहे वाटेतला अडथळा दूर करणे.

धर्मपंडित इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी मुलांना ही सवय लावण्याची पद्धत बसवली. श्रद्धावचने आधी पाठ, मग समज, मग विश्वास. लहान वयात वादविवाद नको. मुलाने चांगले केले तर चारचौघांत कौतुक करावे. पहिली चूक, त्यातही तो ती लपवत असेल तर, न पाहिल्यासारखी करावी. पुन्हा झाली तर एकांतात समज द्यावी. सतत बोलत राहिले की मुलाला बोलणी खायची सवय होते आणि शब्दांचे वजन जाते.

सातव्या वर्षी नमाज सांगा, दहाव्या वर्षी न पढल्यास मारा, या हदीसचा आधार घेऊन काही शिक्षकांनी मधली तीन वर्षे गाळली आणि छडीच पुढे केली. इतिहासकार इब्न खल्दून (मृत्यू 1406) यांनी त्याचा परिणाम नोंदवला आहे. धाकात वाढलेले मूल हात उगारला जाईल या भीतीने खोटे बोलते, आणि तेच पुढे अंगवळणी पडते. मारायचेच झाले तर तीन फटक्यांच्या वर नाही, असे एका जुन्या फकीहाचे (धर्मकायद्याच्या पंडिताचे) मतही ते तिथेच देतात.