धूर आधी पोचतो की आपण?

सोसायटीच्या ग्रुपवर फायर ऑडिटचा कागद पडला की सगळे अंगठा दाखवतात आणि विषय संपतो. आपल्याकडे महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीसाठीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो हवाच, पण त्यातून यंत्रणा चालू आहे एवढंच कळतं. आग लागल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली पोचतील का, ते नाही कळत.

रिस्क बघणारे इंजिनिअर दोन वेळा काढतात. धूर छतापासून भरत भरत तोंडापर्यंत उतरायला किती वेळ, आणि सगळे बाहेर पडायला किती. पहिली दुसरीपेक्षा चांगली ऐसपैस जास्त हवी.

पहिली वेळ माझ्या आवडीची. हिशोबाला आग वेळेच्या वर्गाने वाढते असं धरतात, वेळ दुप्पट तर उष्णता चौपट. 'फास्ट' प्रकारची आग ७५ सेकंदांना साधारण २६० किलोवॅटवर असते, १५० ला हजाराच्या वर, आणि हवा मिळत राहिली तर ३०० ला ४ हजारांच्या पुढे. त्यात धूर म्हणजे नुसतं जळलेलं नव्हे, वर उठणारी ज्वाळा आजूबाजूची हवा ओढून घेते आणि तीही काळी गरम होऊन छताला जाऊन साठते, म्हणून आग एका कोपऱ्यात असली तरी खोली भरते. अमेरिकेत २००३ मध्ये स्टेशन नाइटक्लबच्या भिंतींवरचा फोम पेटला, दीड-दोन मिनिटांतच आत थांबणं अशक्य झालं, आणि बरेचसे लोक आले त्याच दाराकडे धावले. १०० जण गेले.

दुसऱ्या वेळेत चालणं थोडंच असतं हो. "खरी आहे का ड्रिल आहे", मग चप्पल, मग कपाटातली फाइल, सगळं तिथेच जातं. (किचन आग्नेयेला आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांबद्दल काय बोलणार.)

आता रिस्क म्हणजे शक्यता किती आणि झालंच तर नुकसान किती, दोन्ही मिळून. गच्चीवर भंगार पेटलं तर वाईटच, पण एकच जिना असलेल्या बिल्डिंगमध्ये त्या जिन्याखाली मीटर बोर्ड आणि त्याला खेटून रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटर असेल तर पेटायची शक्यता कमी असूनही सगळ्यांचा रस्ता एकदम बंद, शिवाय जिना धुराड्यासारखा ओढतो. मजल्यामजल्यावर आग विझवायचे आणखी सिलिंडर टांगण्याआधी ती स्कूटर बाहेर काढा, आणि धूर अडवणारं फायर डोअर उघडं ठेवायला लावलेली कुंडीसुद्धा.