लेसरने दृष्टिक्षेत्र तपासणी : नावातला घोळ

दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर एका जागी रोखून आजूबाजूला जेवढं दिसतं तेवढा भाग, मोजायची रीत लेसरपेक्षा शंभरेक वर्षांनी जुनी. आधी काळा पडदा आणि काठीच्या टोकाला पांढरा ठिपका, १९४५ च्या सुमारास आतून पांढरा अर्धगोल, सत्तरच्या दशकात संगणक. साधनं बदलली, एक गृहीत मात्र तसंच राहिलं : समोरचा माणूस मधल्या खुणेकडे पीतबिंदूच्या (डोळ्यामागच्या पडद्यावरच्या, म्हणजे दृष्टिपटलावरच्या, सर्वात स्पष्ट दिसणाऱ्या मधल्या भागाच्या) मध्यातूनच पाहतोय. काचबिंदूत ते बहुतेकदा चालून जातं. पण ज्याचा पीतबिंदूच गेला, तो शेजारच्या शाबूत जागेतून बघायला शिकतो आणि सगळा नकाशा सरकतो. कानाच्या बाजूला साधारण १५ अंशांवर असायला हवा तो अंधबिंदू (निरोगी डोळ्यालाही जिथलं दिसत नाही ती जागा) भलतीकडेच सापडतो.

लेसर डोळ्यात शिरला तो वेगळ्याच कामासाठी. साठच्या दशकात हेलियम-निऑन लेसरचे दोन झोत बाहुलीतून सोडून दृष्टिपटलावर थेट लाल-काळे पट्टे उमटवले गेले. डोळ्याच्या भिंगाचे दोष त्यात फारसे आड येत नाहीत, म्हणून मोतीबिंदूमागचं दृष्टिपटल कितपत कामाचं आहे याचा अंदाज घ्यायला ही युक्ती वापरली गेली.

खरी कलाटणी १९८० च्या आसपासची. लेसरचा बारीक किरण दृष्टिपटलावर ओळीओळीने फिरवायचा आणि परतणाऱ्या प्रकाशातून चित्र उभं करायचं. किरण नेमक्या क्षणी मंद वा तेज केला, की त्याच जागी रुग्णाला ठिपका दिसतो. रक्तवाहिनीच्या कुठल्या फाट्याशेजारी प्रकाश पडला आणि रुग्णाने बटण दाबलं की नाही, हे तपासणारा पडद्यावर बघू शकतो. पीतबिंदू कुठे असेल हे धरून चालायची गरजच उरली नाही. माझ्या मते या विषयातली एवढी मोठी उडी दुसरी नाही.

पुढे या तपासणीला ‘मायक्रोपेरिमेट्री’ (सूक्ष्म दृष्टिक्षेत्रमापन) म्हणू लागले आणि घोळ सुरू झाला. ठिपका काही सूक्ष्म नाही, बहुधा नेहमीच्याच ०.४३ अंशांचा असतो. लहान आहे तो तपासलेला भाग. ‘लेसर’ हे विशेषणही अर्धवट. सुरुवातीच्या यंत्रांत ठिपका आणि पार्श्वभूमी दोन्ही ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची होती. निरोगी डोळ्यांची जुनी आकडेवारी मात्र पांढऱ्यावर पांढऱ्या ठिपक्याची. तुलना जुळेना, म्हणून नंतरच्या बऱ्याच यंत्रांत ठिपका साध्या पांढऱ्या प्रकाशाचा झाला. लेसर असलाच तर चित्र घेण्यापुरता आणि नजर हलली तर माग काढण्यापुरता.

हा निर्णय सोयीचा होता, पण तुलनेचा प्रश्न त्याने पुरता सुटला नाही. अहवालात सर्वात मंद कोणता ठिपका दिसला ते डेसिबलमध्ये देतात; हा डेसिबल आवाजाचा नव्हे. ठिपका जितका मंद, तितका आकडा मोठा. शून्य डेसिबल म्हणजे त्या-त्या यंत्राचा सर्वात प्रखर ठिपका : अर्धगोलाच्या एका प्रचलित यंत्रात १०,००० अपोस्टिल्ब (उजळपणाचं एकक), मायक्रोपेरिमेट्रीच्या एका यंत्रात जेमतेम ४००. दुसऱ्याचं शून्य पहिल्यावर १४ भरतं. पार्श्वभूमीचा उजेडही निराळा, त्यामुळे १४ ची बेरीज-वजाबाकी करूनही दोन्ही अहवाल जुळत नाहीत.