बाळाच्या वजनाची रेषा कशी वाचायची

बाराव्या दिवशी बारसं असलं, की पाळण्यात वाकून बघणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "अजून बाळसं नाही धरलं गं!" धरणार कुठून? जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाच्या अंगातलं जास्तीचं पाणी निघून जातं आणि वजन चक्क घटतं. ही घट जन्मवजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असू शकते आणि भरून यायला १० ते १४ दिवस लागतात. बारशाला बाळ जेमतेम मूळ वजनावर आलेलं असतं.

त्यानंतर मात्र गाडी सुसाट सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलीचं मध्यक वजन जन्मतः ३.२ किलो, सहाव्या महिन्यात ७.३ आणि वर्षाला ८.९ किलो आहे. म्हणजे पहिल्या सहामाहीत ४.१ किलो, दुसरीत फक्त १.६. आठव्या महिन्यात "खाल्लेलं अंगी लागत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा या मंदावलेल्या वेगाचीच असते. शिवाय मध्यक म्हणजे किमान नव्हे. निम्मी निरोगी बाळं त्याच्या खालीच असतात.

हे तक्ते २००६ साली आले. त्यासाठी दिल्ली, मस्कत, आक्रा, ऑस्लो, ब्राझीलमधलं पेलोटास आणि अमेरिकेतलं डेव्हिस इथली, आईच्या दुधावर वाढलेली आणि सुस्थितीतल्या घरांतली मुलं मोजली होती. त्यांच्या उंचीत देशागणिक पडणारा फरक अगदी किरकोळ निघाला. तेव्हा "आपली मुलं मुळातच बुटकी" ही सबब पहिल्या पाच वर्षांत तरी चालत नाही.

जन्मवजनाची गोष्ट वेगळी, आणि ती उलगडली पुण्यात. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची मापं घेतली. सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण वजनाच्या मानानं आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी आणि कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. दिसायला किरकोळ, तरी आतून चरबीदार! म्हणून नुसता वजनकाटा पुरत नाही, सोबत लांबी हवीच. लांबी न वाढता वजनच फुगत असेल, तर घरच्यांना आनंद होतो. डॉक्टरांना तो होईलच असं नाही.

लांबी मोजणं जरा जिकिरीचं. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं झोपवून, एकानं डोकं आणि दुसऱ्यानं पाय सरळ धरून मापतात. उभं करून घेतलेलं माप सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरतं. वजनातही गफलती होतात: १०० मिलिलिटर दूध पोटात असलं तर काट्यावर तेवढेच ग्रॅम वाढतात, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तेवढं खरंखुरं वाढायला साधारण तीन-चार दिवस लागतात. त्यामुळे वजन दूध पाजण्याआधी करावं, काटा शक्यतो तोच, आणि कपडे काढून.

दर महिन्याचं वजन ठिपक्यानं तक्त्यावर मांडून ते ठिपके जोडले, की बाळाची रेषा होते. जुलाब-तापात ही रेषा थोडी खाली येते, पुन्हा सावरते. ती लागोपाठ दोन-तीन महिने सपाट राहिली किंवा तक्त्यावरच्या वरच्या पट्ट्यातून खालच्यात उतरत गेली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. आधी वजन रोडावतं. उपासमार लांबली की उंचीही खुंटते.

एक अडचण वेळापत्रकातच आहे. सरकारी लसीकरणात चौदाव्या आठवड्यानंतरची पुढची फेरी थेट नवव्या महिन्यात. नेमकं याच काळात वरण-भात, नाचणीची खीर सुरू होते आणि रेषा घसरण्याची शक्यता वाढते. तेव्हा लसीची वाट न बघता महिन्याच्या महिन्याला अंगणवाडीत जावं, आणि ताईंना माता-बाल संरक्षण पुस्तिकेतल्या आलेखावर ठिपका मांडायला सांगावं.