तारली सोडून अंगठा सरळ होत नाही: बनिअन आणि गाऊट

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ दिसली की कोकणात पहिला सल्ला ठरलेला: "युरिक ॲसिड वाढलंय, तारली-कोलंबी बंद कर." गाठ गाऊटची, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणाऱ्या दुखण्याची असेल, तर यात थोडंफार तथ्य आहे. बनिअनची असेल तर बिचाऱ्या तारलीचा काही दोष नाही.

बनिअन म्हणजे नवं हाड उगवणं नव्हे. पंजाचं पहिलं लांब हाड आतल्या बाजूला सरकतं, अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलतो आणि मधला सांधा फुगीर दिसू लागतो. हे वर्षानुवर्षं चालतं, बऱ्याचदा घराण्यात असतं, बायकांत जास्त. निमुळती पादत्राणं त्यात भर घालतात. दुखतं ते चालताना, चप्पल घासली की.

गाऊट एका रात्रीत येतो. झोपताना पाय बरा, पहाटे सांधा लाल, गरम, टम्म. चादर लागली तरी जीव जातो. आठवडा-दहा दिवसांत उतरतो आणि माणूस पथ्यही विसरतो.

तपासणीत एक गोची आहे. ऐन दुखण्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. उलट नुसता आकडा वाढला म्हणून गाऊट ठरत नाही. पक्की खूण म्हणजे सांध्यातल्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे सुईसारखे स्फटिक. बनिअनसाठी एक्स-रे उभं राहूनच काढावा; झोपून काढला तर वाकडेपणा कमी दिसतो.

गाऊटला गोळ्या: दुखणं शमवायला कोल्चिसिनसारख्या, वारंवार होत असेल तर ॲलोप्युरिनॉल, आणि रक्तातलं युरिक ॲसिड ६ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली ठेवायचं. बिअर तर बंदच. बनिअन गोळीने सरळ होत नाही. आधी रुंद पादत्राणं. तरी रोजचं चालणं अडत असेल तरच ऑपरेशन. केवळ दिसायला वाईट म्हणून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑपरेशनमध्ये सहसा हाड कापून जागेवर सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. हाड जुळायला सहा आठवडे किंवा थोडे जास्त लागतात. तोवर टाचेवर भार देणारी खास चप्पल. सूज मात्र काही महिने रेंगाळते. आता आपल्याकडचा आषाढ आठवा: चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, न्हाणीत कायम ओल आणि पट्टी तर कोरडी ठेवायची. घाई नसेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्यावी. उकिडवं बसताना अंगठा दुमडतो, म्हणून कमोडची सोय आधीच करून ठेवावी.

दोन्ही दुखणी एकाच अंगठ्यात असू शकतात. शिवाय कुठल्याही ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत गाऊट उसळू शकतो आणि तो हुबेहूब जंतुसंसर्गासारखा दिसतो. म्हणून गाऊट पूर्वी होऊन गेला असेल तर सर्जनला आधीच सांगावं, चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि ऑपरेशननंतर लाली वाढली, ताप आला, पू दिसला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर घरी अंदाज बांधत न बसता त्याच दिवशी दाखवावं.