अँटिसिपेशन
पुढे घडणाऱ्या गोष्टीची आधीच चाहूल लागणे, तिची अपेक्षा वा धास्ती बाळगणे, किंवा ती घडण्यापूर्वीच पाऊल उचलणे, अशा अर्थांचा इंग्रजी शब्द. क्रियापद ‘अँटिसिपेट’. मराठीत प्रसंगानुसार पूर्वानुमान, अपेक्षा, पूर्वकल्पना हे पर्याय चालतात.

मूळ लॅटिन क्रियापदात ‘आन्ते’ म्हणजे आधी आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणे, पकडणे ही पदे आहेत. पहिल्या पदाचे ‘आन्ति’ झालेले रूप पाहून त्याचा संबंध विरोधवाचक ग्रीक ‘अँटी’शी जोडला जातो, तो ग्राह्य नाही. रोमन लेखक सिसेरोने इ.स.पू. 45 च्या सुमारास ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या ‘प्रोलेप्सिस’ या संज्ञेसाठी याच धातूपासूनचे नाम योजले. तेथे अर्थ होता मनात आधीपासून असलेली कल्पना, उदा. देवांविषयीची. इंग्लिश तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने 1620 मध्ये निसर्गाविषयीच्या उतावळ्या, अपुऱ्या आधारावरच्या निष्कर्षांना हेच नाव दिले, त्यामुळे त्याला दूषणाची छटा आली.

इंग्रजीत क्रियापद साधारणतः सोळाव्या शतकापासून आढळते. ‘आधीच करून टाकणे, दुसऱ्याच्या आधी गाठणे’ हा अर्थ जुना. निव्वळ ‘अपेक्षा करणे’ हा बहुधा अठराव्या शतकातला. हा दुसरा वापर अशुद्ध आहे असे शैलीविषयक मार्गदर्शक दीर्घकाळ बजावत आले. त्यांच्या मते पाऊस येईल असे वाटणे म्हणजे ‘अँटिसिपेट’ नव्हे; पाऊस येणार म्हणून वाळवण आधीच आत घेणे म्हणजे ‘अँटिसिपेट’. भेद सुबक आहे, पण दोन शतकांहून अधिक काळ रुळलेल्या वापराला चूक ठरवणे अवघड. अलीकडचे कोशकार दोन्ही अर्थ नोंदवतात, आणि तेच योग्य वाटते. जुना अर्थ टिकला तो मुख्यतः कायद्यात.

मुदतीआधीच होणाऱ्या करारभंगाच्या (‘अँटिसिपेटरी ब्रीच’) कायद्यात 1853 चा हॉक्स्टर विरुद्ध द ला टूर हा इंग्लिश निवाडा पायाभूत मानतात. 1 जून 1852 पासून प्रवासात सोबत करण्यासाठी नेमलेल्या माणसाला मालकाने 11 मे रोजीच नको म्हणून कळवले. त्याने जूनची वाट न पाहता 22 मे रोजी दावा लावला. मुदतच आली नाही, मग भंग कसला, हा मालकाचा बचाव न्यायालयाने फेटाळला. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 39 मध्ये हेच तत्त्व आहे.

भारतात हा शब्द घरोघरी पोचला तो ‘अँटिसिपेटरी बेल’मुळे, म्हणजेच अटकपूर्व जामिनामुळे. विधी आयोगाच्या 1969 च्या 41 व्या अहवालात शिफारस झाली आणि फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 च्या कलम 438 ने ती कायद्यात आली. गंमत अशी, की कलमाच्या मजकुरात हा शब्दप्रयोग नाही. तेथे अटक होईल असे ‘मानण्यास कारण’ असलेली व्यक्ती आहे. 1976 च्या बालचंद जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नावच चुकीचे असल्याचे म्हटले, कारण न्यायालय आगाऊ जामीन देत नाही. अटक झाल्यास जामिनावर सोडावे, असा आदेश देते. गुरबक्षसिंग सिब्बिया प्रकरणात (1980) पाच न्यायाधीशांच्या पीठातर्फे सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी हा आदेश अटकेच्या क्षणीच लागू होतो, असे स्पष्ट केले. नुसती भीती म्हणजे ‘मानण्यास कारण’ नव्हे, हेही त्यांनीच सांगितले. अशा आदेशाला सहसा मुदत नसावी, हे सुशीला अग्रवाल प्रकरणात (2020) ठरले. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 मध्ये आहे.

पेटंट कायद्यात काळाची दिशा उलटते. एखादा शोध आधीच प्रसिद्ध वा वापरात असेल तर नव्या अर्जाचे ‘अँटिसिपेशन’ झाले, असे म्हणतात. जुन्या लेखकाला पुढच्या अर्जाची कल्पनाही नसते. पेटंट अधिनियम, 1970 चे सहावे प्रकरण, कलमे 29 ते 34, याच शीर्षकाचे आहे. कोणते पूर्वप्रकाशन अर्जाला बाधक धरायचे नाही, हे त्यात मुख्यत्वे सांगितले आहे.

पाश्चात्त्य संगीतात पुढच्या स्वरसंघातील स्वर त्याच्या आधीच वाजवण्याला ही संज्ञा आहे. वैद्यकात, केमोथेरपीच्या पुढच्या फेरीआधी रुग्णालयाच्या नुसत्या वासानेही काहींना होणाऱ्या मळमळीला ‘अँटिसिपेटरी’ म्हणतात.