पेशीभित्तिका की पेशीपटल? कांद्याच्या पापुद्र्यावरची ती रेघ कोणाची

कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की विटा रचल्यासारखी नक्षी दिसते. एकेक वीट म्हणजे एकेक पेशी, आणि दोन विटांच्या मध्ये ठळक रेघ. प्रात्यक्षिकाच्या तासाला मी दरवर्षी मुलांना विचारते, ती रेघ कशाची? निम्मा वर्ग म्हणतो ‘पेशीपटल’, काही जण ‘पेशीभित्तिका’, आणि एखादं सावध पोर ‘दोन्ही’ म्हणून मोकळं होतं.

ती रेघ भित्तिकेची आहे. पटलही तिथेच असतं, भित्तिकेला आतून अगदी लगटून, पण शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाही. भिंगं कितीही स्वच्छ पुसली तरी दिसणार नाही. प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, आणि पटलाची जाडी आहे जेमतेम ७-८ नॅनोमीटर. भित्तिका मात्र एक मायक्रोमीटर, म्हणजे १००० नॅनोमीटर जाड सहज असते. भित्तिका फूटभर रुंदीची दगडी भिंत आहे असं धरलं, तर पटल म्हणजे त्या भिंतीला आतून लावलेला दोन-सव्वादोन मिलिमीटरचा पत्रा. आकृत्यांमध्ये आपण दोन्हींसाठी शेजारीशेजारी सारख्याच जाडीच्या रेघा काढतो. घोटाळ्याचं मूळ बरंचसं तिथेच आहे असं मला वाटतं.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप पाहिला आणि त्या कप्प्यांना ‘सेल’ हे जे नाव दिलं, ते इंग्रजीत आजही पेशीला चिकटून आहे. पण त्याला दिसल्या त्या नुसत्या भित्तिका. बुचातल्या पेशी केव्हाच मेलेल्या होत्या, आतलं सगळं संपलेलं होतं, पटलसुद्धा. जीवशास्त्रातला हा सगळ्यात गाजलेला शब्द रिकाम्या घरांच्या भिंती पाहून सुचला आहे.

या दोघांचं नातं समजावताना मी सायकलचं चाक पुढे करते. आत ट्यूब, बाहेर टायर. हवा धरून ठेवते ती ट्यूब, आणि ट्यूबला फुटू देत नाही तो टायर. टायर काढून ट्यूबमध्ये हवा भरत राहा, ती फुगेल, फुगेल आणि फुटेल. ट्यूब काढून टायरमध्ये हवा भरा, काहीच राहणार नाही. वनस्पतीच्या पेशीत हवेच्या जागी पाणी असतं. पटल पाणी आत घेतं, पेशी फुगू पाहते, भित्तिका तिला रोखते, आणि या रेटारेटीतून दाब तयार होतो. मोटारीच्या टायरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब कितीतरी वनस्पतीपेशींमध्ये असतो. कोथिंबिरीची जुडी ताठ उभी राहते ती या दाबावर. दुपारी उन्हात ती मलूल पडते तेव्हा भित्तिका जशीच्या तशी असते, कमी झालेलं असतं ते आतलं पाणी. देठं पाण्यात बुडवून तासभर ठेवा, जुडी पुन्हा तरतरीत होते. पटलं जिवंत आहेत तोवरच हे जमतं.

चाकाची ही उपमा मला फार उपयोगी वाटते, पण ती दोन ठिकाणी तोकडी पडते. ट्यूब हवेला सरसकट अडवते, पटल मात्र निवड करतं. आणि ट्यूब काही टायर विणत नाही. पेशीत मात्र भित्तिका विणण्याचं काम पटलावरच चालतं.

पहिल्यांदा निवडीबद्दल. पटल हे मुळात तेलकट आहे. मेदाच्या रेणूंचे दोन थर, पाण्याकडे ओढ असलेली टोकं बाहेरच्या बाजूंना आणि तेलकट शेपट्या आत एकमेकींसमोर. हे दोन थरांचं गणित १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी मांडलं. त्यांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर एकपदरी पसरवला, तर त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या, त्या एकमेकींना खोडून गेल्या आणि उत्तर बरोबर आलं. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी चित्र पुरं केलं. हे मेदाचे थर गोठलेले नाहीत, वाहते आहेत, आणि त्यांत प्रथिनं तरंगत असतात.

दारं म्हणजे ही प्रथिनं. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तेलकट थरातून तसेच पार होतात. पण साखर, सोडियम, पोटॅशियम यांना ज्याचं त्याचं दार लागतं. पाणी थोडंफार तसंच झिरपतं, पण भराभर जायला त्याच्यासाठीही खास नळ्या असतात. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. एकेका नळीतून सेकंदाला पाण्याचे अब्जावधी रेणू जातात, पण मीठ जाऊ शकत नाही. या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकात ‘निवडक्षम पारपटल’ असा जो शब्द येतो, त्याचा अर्थ हा. उत्तरपत्रिकेत मुलं तो बिनधास्त भित्तिकेला लावतात आणि गुण जातात.

भित्तिकेला अशी निवड जमत नाही. ती सेल्युलोजच्या, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या, धाग्यांची जाळी आहे, आणि त्या धाग्यांच्या मध्ये हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन भरलेलं असतं. पाणी, मीठ, साखर तिच्यातून आरपार जातात. मोठे रेणू अडकतात ते भोकं बारीक म्हणून, ओळख पटवून नव्हे. ती दिसायला भिंत असली तरी कामाने चाळण आहे. ‘भिंत’ या शब्दामुळे आपल्याला वाटतं की तीच सगळं अडवत असणार, आणि ‘पटल’ म्हणजे पडदा, तो काय अडवणार! प्रत्यक्षात नेमकं उलट आहे.

आता विणण्याबद्दल. सेल्युलोज तयार करणारी प्रथिनं पटलात रुतलेली असतात, सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या झुपक्यांत. आतून साखरेचे रेणू घ्यायचे आणि बाहेरच्या बाजूला धागा सोडायचा, असं करत ती पटलातून सरकत जातात. कोळी जाळं विणतो तसं. धागे ज्या दिशेला पडतात, त्यावर पेशी लांबट वाढणार की गोल, हे ठरतं. म्हणून ‘बाहेरची भित्तिका आधी, आतलं पटल नंतर’ हा जो क्रम डोक्यात बसलेला असतो, तो मोडायला हवा. भित्तिकेशिवाय जगणाऱ्या पेशी जगात अगणित आहेत, तुमच्या-माझ्या शरीरातल्या सगळ्या तशाच. पटलाशिवाय जगणारी पेशी एकही नाही. आणखी एक गैरसमज इथेच खोडते: प्राण्यांत पटल आणि वनस्पतींत त्याऐवजी भित्तिका, असं नसतं. वनस्पतींत पटल असतंच, भित्तिका त्याच्यावर जादा.

पटल मेल्यावर भित्तिका मात्र मागे उरते, आणि तिचा आपल्याला केवढा उपयोग! विदर्भातलं कपाशीचं बोंड फुटतं तेव्हा सरकीवरचा प्रत्येक धागा ही एकच एक पेशी असते, बियाच्या सालीवरची, अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत लांबलेली. वाढताना ती आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर चढवते, आणि बोंड उकलेपर्यंत मरून सुकलेली असते. अंगातला सुती सदरा म्हणजे पटल गेलेल्या पेशींच्या भित्तिका. लाकूड, कागद, तागाचं गोणपाटही तसंच.

दोघांतला फरक स्वयंपाकघरातही दिसतो. बीटाच्या फोडी करून थंड पाण्याने नीट धुवा, म्हणजे कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईल. मग निम्म्या फोडी थंड पाण्यात ठेवा आणि निम्म्या कढत पाण्यात. थंड पाणी बराच वेळ जवळपास नितळ राहतं, कढत पाणी लालभडक होतं. रंग पेशीच्या आत रिक्तिकेत, म्हणजे पाणी आणि विरघळलेले पदार्थ साठवणाऱ्या पिशवीत असतो, आणि त्याला बाहेर यायचं तर रिक्तिकेचं पटल आणि पेशीपटल अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. उष्णतेने दोन्ही पटलं निकामी झाली. भित्तिका तर तिथेच आहे, फोड अजून फोडच आहे, पण रंग अडवणं तिचं काम कधीच नव्हतं. फ्रीझरमध्ये गोठवलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतो त्याचं कारणही पुष्कळसं हेच, बर्फाच्या स्फटिकांनी पटलं फाटलेली असतात.

भित्तिका नसेल तर काय होतं, हे रक्तात पाहावं. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात टाकली तर पाणी आत शिरत राहतं आणि ती फुटते. टायर नसलेली ट्यूब. म्हणून शिरेतून सलाइन देताना ते ०.९ टक्के मिठाचं असतं, नुसतं पाणी शिरेत सोडत नाहीत. शरीराच्या पेशींना सतत सावध राहावं लागतं. पटलातले पंप रात्रंदिवस तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत अशी उलथापालथ करत असतात. त्यावर पेशीची बरीच ऊर्जा खर्च होते, आणि पाण्याचा तोल सांभाळणं हा त्या खर्चाचा एक मोठा भाग. गोड्या पाण्यातल्या पॅरामेशियम या एकपेशीय जीवाची तऱ्हा आणखी वेगळी. आत शिरलेलं पाणी ते संकोची रिक्तिकेत गोळा करतं आणि पुन्हा पुन्हा बाहेर फेकतं. पण भित्तिका नसल्याचा फायदाही तेवढाच मोठा आहे. पांढरी रक्तपेशी जंतूभोवती पटल लपेटून त्याला गिळू शकते, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून पलीकडे जाऊ शकते. भित्तिकेत बंद असलेल्या पेशीला हे जन्मात जमणार नाही.

आणि मग औषधं. जिवाणूंनाही भित्तिका असते, पण सेल्युलोजची नाही, पेप्टिडोग्लायकन नावाच्या वेगळ्याच जाळीची. पेनिसिलिन ही जाळी जोडणारे टाके पडू देत नाही. वाढत्या जिवाणूची भित्तिका कमकुवत होते, आतल्या दाबाने तो फुटतो. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, त्यामुळे त्या या माऱ्यातून सुटतात. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती हे औषध देशात बनवण्यासाठी. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला मात्र भित्तिका नसते, आणि त्याच्यावर पेनिसिलिन काहीही करू शकत नाही.

पटलावर घाव घालणारं औषध इतक्या सहज आपल्याला वगळत नाही. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले आणि घरोघरची माणसं अँफोटेरिसिन बी या इंजेक्शनसाठी वणवण फिरत होती. ते बुरशीच्या पटलातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या मेदाला धरतं आणि पटल गळकं करतं. आपल्या पटलात एर्गोस्टेरॉल नाही, पण त्याचं भावंड शोभेल असं कोलेस्टेरॉल आहे. म्हणून हे औषध मूत्रपिंडांना त्रास देतं. हा त्रास कमी करण्यासाठी ते मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांमध्ये गुंडाळून देतात, म्हणजे पटलावरचं औषध पटलासारख्याच आवरणात. भित्तिकेवरचं औषध आणि पटलावरचं औषध यांतलं हे अंतर त्या दिवसांत कितीतरी कुटुंबांनी भोगलं. त्यांच्यातल्या एखाद्याने मला ‘या दोन शब्दांत एवढा काय फरक’ असं विचारलं, तर मी घाईघाईने उत्तर देणार नाही.

आता पुन्हा त्या पापुद्र्याकडे. पटल दिसत नाही असं वर म्हटलं, पण ते कुठे आहे हे दाखवता येतं. लाल कांदा घ्या, त्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सोला, पाण्याच्या थेंबात ठेवून वर आच्छादक काच ठेवा. जांभळा रंग विटेच्या कडांपर्यंत भरलेला दिसतो. काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढा. मिनिट-दोन मिनिटांत जांभळा भाग विटेच्या कोपऱ्यांतून सुटायला लागतो, मग बाजूंपासून, आणि शेवटी मधोमध गोळा होऊन बसतो. विटेची चौकट तशीच राहते. ही चौकट भित्तिका. जांभळ्या गोळ्याची कड जिथे संपते, तिथे पटल. याला रससंकोच म्हणतात.

इथे मी एकच प्रश्न विचारते, आणि कोणाला फरक खरोखर कळला हे त्यावरून समजतं: चौकट आणि जांभळा गोळा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काय आहे? बहुतेक जण ‘हवा’ म्हणतात, काही जण ‘काहीच नाही’. तिथे आपण बाहेरून सोडलेलं मिठाचं पाणी आहे. भित्तिकेने ते सरळ आत येऊ दिलं, पटलाने तिथेच थांबवलं.

मग टिपकागदाने मिठाचं पाणी शोषून घ्या आणि साधं पाणी सोडा. फार वेळ गेला नसेल तर जांभळा गोळा हळूहळू फुगत पुन्हा कडांना भिडतो. शेजारच्या काचपट्टीवर उकळत्या पाण्यातून काढलेला पापुद्रा ठेवला असेल, तर त्याच्या चौकटीही तितक्याच रेखीव दिसतात, पण मीठ सोडा की पाणी, तिथे काहीच हलत नाही.